केर कुनाचा

केरबाला उकिरड्यावरनं मी उचललं. हे आधीच सांगून टाकते, म्हंजे पुढं कुनी मदीच तोंड घालून "सरजाबाई, तुमचा त्याचा काय संबंध" असं इचारायला नको. संबंध हाय. पर तो तोंडानं बोलून दाखवायचा नसतो, अशी रीत हाय. आन् जे काही झालं ते त्या रितीपायीच झालं.

पारूबाई माझ्या समोरच्या घरातली. तिची लेकरं जगत नव्हती. एक गेलं, दुसरं गेलं, तिसरं तर पाचवी पुजायच्या आधीच गेलं. मंग पुढच्या खेपेला तिच्या सासूनं ठरवलं, हे लेकरू उकिरड्यावर टाकायचं. घाबरू नका, खरंखुरं टाकत नसतेत. फुटक्या सुपात चिंध्या घालायच्या, त्यात लेकरू निजवायचं, आन् आईनं ते सूप उकिरड्यावर ठिवून मोठ्यानं म्हनायचं, "हे आमचं न्हाई." मागं वळून न बघता घरात जायचं. जे कुनाचंच न्हाई त्याच्याकडं मरन बी ढुंकून बघत न्हाई, अशी समजूत. मंग दुसऱ्या घरच्या बाईनं यायचं, लेकराच्या जागी पसाभर जवारी ठिवायची, लेकरू उचलायचं आन् त्याच्याच आईच्या दारात जाऊन इचारायचं, "उकिरड्यावर सापडलंय, सांभाळता का?" आईनं म्हनायचं, "द्या, सांभाळते." पोरगं असलं तर नाव केरबा ठिवायचं. एवढीच रीत.

ती दुसऱ्या घरची बाई मी. तवा मी नवीच नांदायला आले व्हते. पुढं माझी कूस काही उजवली न्हाई, मालक बी लवकर गेले, पर त्या सकाळी सुपातलं ते गरम गरम लेकरू छातीशी धरलं ते अजून आठवतंय. आत्ता बी हात गरम होतेत.

रितीत आनखी एक गोम हाय. लेकरू उचलनाऱ्या बाईनं जन्मात कधी "हे माझं हाय" म्हनायचं न्हाई. आईनं बी न्हाई. "सांभाळलंय" म्हनायचं. न्हाईतर उकिरड्याला कळतं की आपल्याला फशिवलंय, आन् तो दिलेलं परत मागतो. पारूबाईनं हे मरेस्तोवर पाळलं. शेवटी शेवटी केरबाचा हात हातात घेऊन म्हनली, "सरजे, उकिरड्याचं लेकरू हाय, बघ त्याच्याकडं." माझा म्हनली न्हाई. मी तिच्या तोंडाकडं बघत व्हते, व्हट हलले, पर शब्द गिळला तिनं. लई जीव जळला माझा.

मी दर दिवाळीला उकिरड्यावर पणती लावायची. सगळ्याच बाया लावतेत, पर माझी जरा जास्त तेलाची असायची. केरबा मला मावशी म्हनायचा. मोठा झाला, लगीन झालं, भोकरकडची सिंधु बायको म्हनून आली, तरी सकाळचा च्या माझ्या वट्ट्यावर. मी त्याला शिव्या घालायची, तो हसायचा. असं आमचं चाललं व्हतं.

आता उकिरड्याचं ऐका. आमची आडगल्ली. गल्लीच्या तोंडाला जुना आड, आन् आडाच्या कडंला उकिरडा. आधी तो सगळ्यांचा व्हता. ज्याची त्याची जागा ठरलेली. ह्या कोपऱ्यात नागुबाईचं शेण, त्या कोपऱ्यात माझी राख, पलीकडं वीरण्णाचा भुसा. पाऊसकाळाआधी गाड्या लागायच्या आन् खत शेतात जायचं. त्या वक्ताला उकिरड्यावरनं भांडनं व्हायची. "माझ्या ढिगातलं घमेलंभर उचललंस," म्हनून नागुबाई आन् मी एकमेकीच्या झिंज्या धरल्या व्हत्या. केर माझा, केर माझा, असं भांडायचो आमी. आता सांगितलं तर हसतेत लोक.

मंग दुष्काळ पडला. पह्यल्या सालात आड आटला, दुसऱ्या सालात जनावरं बाजारात गेली. जनावर न्हाई तर शेण कुठलं, आन् पेराच न्हाई तर खत कुनाला पायजे. गाड्या यायच्या थांबल्या. त्याच सुमाराला लातूर जिल्हा झाला. गुलाल उधळला, फटाके फुटले, आता उस्मानाबादेला खेटे घालायची कटकट मिटली म्हनून लोक खूश. रस्त्यावर दुकानं आली, दुकानात पलास्टिकच्या पन्न्या आल्या, औषधाच्या बाटल्या, बलब, कपबशा, काय काय आलं. आन् वापरून झालं की सगळं उकिरड्यावर. पर आता त्याचं खत व्हायचं न्हाई. मंग कोन कशाला म्हनंल माझा हाय म्हनून? 

नागुबाईचं अंगन बघा. आरशावानी. दोनदा झाडायची, एवढ्या दुष्काळात बी सडा टाकायचं सोडायची न्हाई. आन् झाडून झालं की टोपलं उकिरड्यावर रिकामं करायचं, पदर झटकायचा, आन् तोंड फिरवून पुटपुटायचं, "आमचा न्हाई बाई." ही नवीनच सवय पडली व्हती गल्लीला. नगरपालिकेचा मानूस एकदा दम भरून गेला व्हता की रस्त्यावर कचरा टाकनाऱ्यावर कारवाई हुईल. तवापासून जो तो टाकायचा आन् म्हनायचा, आमचा न्हाई. वीरण्णा किराना दुकानातनं खोकी टाकायचा, "आमचा न्हाई." मी बी म्हनायची. खोटं कशाला बोलू.

एका घरचा केर तेवढा तिथं येत नव्हता. गल्लीच्या शेवटाला श्रीमंत नावाचा एकजण राहायचा, कचेरीत कारकून. त्यानं परसात खड्डा केला व्हता, त्यात टाकायचा, वर माती लोटायचा. नागुबाई म्हनायची, लई शहाना समजतो. तो एकदा मला म्हनला, "सरजामावशी, माझ्या आजानं ह्या गल्लीचा केर जिंदगीभर उचलला. धम्म घेतला तवा टोपलं खाली ठेवलं. आता माझा मी बघतो, तुमचा तुम्ही बघा." खरंच व्हतं.

त्या साली केरबाला नगरपालिकेत रोजंदारीवर मुकादमाचं काम लागलं. शेत पडीक, सिंधुला दिवस गेलेले, कामाची गरज व्हती. हाताखाली चार मानसं. आमी सगळे म्हनलो, बरं झालं, मुकादमाचं काम बोट दाखवायचं असतंय, हात घालायचं न्हाई. आन् पह्यलाच हुकूम आला: नव्या जिल्ह्याचे मोठे साहेब दौऱ्यावर येनार, आडगल्लीचा उकिरडा साफ करा.

मी त्याला म्हनलं, "केरबा, दुसरं कुनाला तरी सांग. तू त्याला हात लावू नगंस."

"मावशी, आता जिल्हा झालाय. अजून उकिरड्याला भ्यायचं व्हय?"

ट्रॅक्टर आला, मानसं आली, दिवसभर उपसून ढीग भरून नेला. संध्याकाळी तिथं नुसती काळी जागा उरली, खरडलेल्या तव्यावानी. लोक बघून जात व्हते. वीरण्णानं केरबाच्या गळ्यात हात टाकला. मला मात्र त्या उघड्या जागंकडं बघवंना.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर ढीग परत तिथंच. तेवढाच. एका अंगाला वीतभर जास्तच.

आधी सगळ्यांनी एकमेकांवर ढकललं. नागुबाई म्हनली वीरण्णाच्या दुकानचा, वीरण्णा म्हनला वरच्या आळीचे लोक टाकून गेले. केरबानं परत उपसला. परत सकाळी तिथंच. तिसऱ्या खेपेला मी झुंजूमुंजू व्हायच्या आधीच वट्ट्यावर येऊन बसले. माझा सवभाव असा की दुसऱ्याचं ऐकून माझं समाधान व्हत न्हाई. कुनी आलं न्हाई. कुत्रं सुदिक आलं न्हाई. आन् उजाडलं तसं मला ढीग दिसायला लागला, आधीपासून असल्यासारखा. कधी आला ते डोळ्याला कळलंच न्हाई. गार वारं सुटलं व्हतं आन् ढिगातनं वाफ निघत व्हती.

मी जवळ गेले. वरच्या अंगाला जवारीचे कोंब उगवले व्हते. हिरवेगार, पसाभर जागेत. सगळ्या शिवारात तवा हिरवं पान दिसत न्हवतं, उरल्यासुरल्या जनावरांपायी लोक कडब्यासाठी भांडत व्हते, आन् इथं पान्याचा थेंब नसताना जवारी उगवली व्हती. गल्लीतल्या मलप्पाची शेळी सुटून आली. उपाशी शेळी, बाभळीची सालटं खानारी. ती कोंबापाशी आली, हुंगली आन् मागं सरकत गेली. ती जागा मला वळखू आली व्हती. सूप तिथंच ठिवलं व्हतं पारूबाईनं.

त्या दिवसापासून केरबा बदलत गेला. आधी खोकला. मंग अंगाला वास. कितीबी धुतलं तरी ओल्या राखेचा वास. च्या प्यायला यायचा तर च्या तसाच थंड व्हायचा, ह्याची नजर ढिगाकडं. दिवेलागनीला उठून तिथं जाऊन उभा राहायचा. मी हाक मारली की वळायचा, पर जरा उशिरा, आधी दुसऱ्या कुनाचं तरी ऐकून मंग माझ्याकडं वळल्यासारखा.

एक दिवस सिंधु माझ्याकडं आली. पोट पुढं आलेलं, त्वांड सुकलेलं. म्हनली, "मावशी, तुमाला एक दाखवते." पदराची गाठ सोडली. आत काचेच्या बांगडीचे तुकडे, भुसा, केसांचा गुंता, बिडीचं थोटूक, वाळकी सालटं.

"हे काय?"

"रोज सकाळी ह्यांच्या हातरुनात सापडतंय. मी झाडून काढते. ते उठतेत आन् खाली हे असतंय. काल कानातनं भुसा निघाला."

"मंग तू हे कुठं टाकतीस?"

तिनं पदराची गाठ परत बांधली. कुठं टाकनार? उकिरड्यावर. आन् टाकून वर काय म्हनत असंल ते मला इचारावं लागलं न्हाई. साऱ्या गल्लीनं तिला तेवढंच शिकवलं व्हतं.

मी संध्याकाळी केरबाला धरून बसवलं. म्हनलं, "खरं सांग. काय व्हतंय तुला?"

तो म्हनला, "मावशी, तो इचारतोय."

"कोन?"

"ढीग. इचारतोय, तू कुनाचा? मला सांगता यीना. आई कधी म्हनली न्हाई. तू बी कधी म्हनली न्हाईस."

माझ्या जिभेवर आलं व्हतं. पर भ्याले. रीत मोडली आन् त्यानं खरंच मागून घेतला तर? एवढी सालं गप राहून वाचवलेलं लेकरू एका शब्दापायी घालवू? मी त्याच्या पाठीवरनं हात फिरवला आन् म्हनलं, "येड्या, नीज जा." हाताला राख लागली.

साहेब यायचा दिवस उजाडला. केरबाच्या मानसांनी हात वर केले. एक म्हनला फावडं घातलं की आतनं कन्हल्यासारखं येतंय, दुसरा म्हनला बुडाला हात भाजतोय. काम टाकून निघून गेले. तवा केरबानं स्वतः फावडं घेतलं. नागुबाई दारातनं म्हनली, "अरं मुकादम हायस तू, कुनब्याचं पोर, हे तुझं काम हाय का?" पर एक बी मानूस पायरी उतरून खाली आला न्हाई. भर दुपार व्हती. ऊन डोक्यावर, आन् तो एकटा खंदत व्हता. सिंधु टँकरच्या रांगेत गेली व्हती, गाव सोडून पार नाक्यावर.

जीप आली. साहेब उतरले, मागं नगरपालिकेचे लोक, हातात हार. साहेबांनी रुमाल नाकाला लावला आन् इचारलं, "हा कचरा कोणाचा आहे?"

सारी गल्ली दारात उभी. नागुबाई म्हनली, "आमचा न्हाई." वीरण्णा म्हनला, "आमचा न्हाई, साहेब." मलप्पानं बी तेच म्हनलं. आन् प्रत्येकाच्या बोलन्यासरशी ढिगातनं खस्स आवाज येत व्हता. तो मला ऐकू येत व्हता, दुसऱ्या कुनाला आला का न्हाई ते माहीत न्हाई. केरबा गुडघ्यापतोर आत व्हता, मंग कमरंपतोर. तो खंदत नव्हता, नुसता उभा व्हता, आन् खाली जात व्हता. मंग वरचं सगळं एकदम घसरलं आन् त्याचं डोसकं दिसायचं बंद झालं. एक हात तेवढा वर राहिला, कोंबाच्या मदी.

"अरे, आत माणूस आहे," साहेब म्हनले. "कोणाचा माणूस आहे हा?"

नगरपालिकेच्या मानसानं हाराकडं बघितलं. "रोजंदारीचा आहे साहेब. आमच्या हजेरीवर नाही." हात मनगटापतोर आत गेला.

"मग गल्लीतला आहे का?"

"राहतो इथं," वीरण्णा म्हनला, "पर आमच्या घरचा न्हाई." बोटं तेवढी राहिली.

मला कळलं. मला जे आधीच कळायला पायजे व्हतं ते त्या घडीला कळलं. आमी मरनाला फशिवलं व्हतं, पर उकिरड्याला न्हाई. त्याला आमी सांगितलेलंच त्यानं खरं धरलं व्हतं. जे कुनाचं न्हाई ते त्याचं. केर असो का लेकरू.

मी धावले. ह्या वयात कशी धावले देवाला ठाऊक. ढिगावर चढले, ती बोटं धरली, आन् म्हनलं, "माझा हाय. हा केरबा माझा हाय."

ढीग गप झाला. पर बोटं वर यीनात. मी वढते आन् खालनं बी कुनीतरी वढतंय. ढीग थांबला व्हता, पर सोडत न्हवता, अजून काहीतरी ऐकायचं राहिल्यासारखा. मी वळून गल्लीकडं बघितलं. आपापल्या दारात उभे. अंगनं झाडलेली, चकाचक. मला असा संताप आला की सांगता येत न्हाई. म्हनलं, "हा केर बी माझा हाय. सगळा. नागीचा, वीरण्णाचा, मलप्पाचा, सगळ्या गल्लीचा. माझा हाय. सोड त्याला."

ढीग सैल पडला. पिठाचा ढीग पडावा तसा. केरबाचा हात वर आला, मंग डोसकं. त्वांडात भुसा भरलेला. मी बोट घालून काढला, पाळण्यातल्या लेकराच्या घशातलं काढतेत तसा. तो खोकला, आन् रडला. अठ्ठावीस सालाचा बाप्या, पर रडला तो नुकत्याच झालेल्या लेकरावानी.

श्रीमंत कचेरीतनं धावत आला व्हता, त्यानं आन् मी मिळून केरबाला घरी नेलं. साहेब जीपमदी बसून गेले. हार तसाच परत गेला.

दुसऱ्या दिवशी आडाजवळची जागा मोकळी व्हती. खत गेल्यावर राहायची तशी. आन् ढीग माझ्या दारात व्हता.

बोलले व्हते, निभावायला पायजे. केरबा बरा झाला, वास गेला, हातरुनात भुसा सापडायचा थांबला, च्या गरम गरम प्यायला लागला. त्याच्या बदल्यात एवढं तर एवढं. पर गल्लीचं वागनं बघा. मला वाटलं व्हतं जरा तरी लाज वाटंल. त्यांना तर सोयच झाली. पहाटं झाडून झालं की टोपलं घेऊन सरळ माझ्या दारात. नागुबाई म्हनते, "आमचा न्हाई." मी आतनं म्हनते, "माझा हाय." वीरण्णा म्हनतो, "आमचा न्हाई." मी म्हनते, "माझा हाय." एक जरी चुकलं तर पलीकडं केरबाला ठसका लागतो, हे मला दोन-चारदा कळून आलं. मी चुकायची न्हाई. ढीग वाढत राहिला, खिडकीपतोर आला, घरात दिवसा बी अंधार. पन्न्या कुजत न्हाईत, जळत न्हाईत. मी त्यांना बी माझं म्हनत राहिले.

पाऊस त्या बी साली आला न्हाई. धुळीनं माझा घसा बसला. आधी घोगरा झाला, आन् एका सकाळी उठले तर आवाजच न्हाई. व्हट हलतेत, आवाज निघत न्हाई. बाहेर नागुबाई आली, टोपलं वतलं. "आमचा न्हाई." मी दाराला धरून उभी, तोंड उघडलं, काही न्हाई. दुसरी आली. तिसरी आली. आन् केरबाच्या घरातनं खोकला सुरू झाला.

मी नागुबाईचं दार वाजवलं. हातानं ढीग दाखवला, केरबाचं घर दाखवलं, माझ्या छातीवर हात ठिवून दाखवला. तिला कळलं. सगळ्या गल्लीला ठाऊक व्हतं काय म्हनायचं ते. तिनं खाली बघितलं. "बोलून काय जातंय सरजे, पर आमच्या घरात लेकरंबाळं हायत," म्हनली, आन् दार लोटून घेतलं. वीरण्णानं रेडिओ मोठा केला. मलप्पा म्हनला, दुसऱ्या कुनाला तरी इचारा.

श्रीमंत त्याच्या दारात उभा व्हता. तो कदाचित म्हनला बी असता. पर त्याच्या पायरीपतोर जाऊन माझा पाय अडला. त्याच्या आजानं जल्मभर आमचा केर उचलला, आन् आता परत मी त्यालाच सांगू का, आमचा केर तुझा म्हन? मला झालं न्हाई ते. मी तिथनंच वळले.

केरबा जमिनीवर पडला व्हता. त्वांडातनं भुसा येत व्हता, नाकातनं राख. मी त्याचं डोसकं मांडीवर घेतलं. आवाजाबिगर वरडत राहिले, माझा हाय, माझा हाय. आवाजच नसलेलं कोन ऐकनार?

तेवढ्यात सिंधु दारात आली, कडंवर घागर, टँकरचं पानी. तिनं त्याच्याकडं बघितलं, माझ्या हलत्या व्हटाकडं बघितलं. घागर खाली ठिवली. मी हात हलवून न्हाई न्हाई केलं, तू नगंस, तुला दिवस गेलेत, तू नगंस. तिनं माझ्याकडं लक्ष दिलं न्हाई. दारात गेली, पोटाला हात लावून उभी राहिली आन् स्वच्छ आवाजात म्हनली, "हे माझे हायत. केर बी माझा हाय."

केरबानं श्वास घेतला.

संध्याकाळी माझ्या दारातली जागा मोकळी व्हती. किती दिसांनी खिडकीतनं उजेड आला. आन् नागुबाई टोपलं घेऊन आली. माझ्या दाराकडं तिनं बघितलं बी न्हाई. पुढं गेली, सिंधुच्या दारात रिकामं केलं, पदर झटकला.

माझा आवाज आठ-पंधरा दिसांत परत आला. मी रोज पहाटं तिच्या उंबऱ्यावर बसते आन् म्हनते, माझा हाय, माझा हाय. ढीग माझं ऐकत न्हाई. त्यानं तिचं ऐकलंय. मला म्हाताऱ्या बाईला घेऊन तो काय करनार?

सिंधुचे दिवस भरत आलेत. गल्लीतल्या बाया म्हनतेत, लेकरू उकिरड्यावर ठिवा, उचलायला कुनी बी येईल. मी त्यांना हाकलून दिलं. काल सिंधुच्या केसात तेल घालत म्हनलं, "पोरी, लेकरू झालं की सगळ्यात आधी त्याला माझं म्हन. मंग केराला."

ती म्हनली, "व्हय मावशी. पर पहाटं दारात पह्यल्यांदा येतो तो केरच."